बरे होणे आणि सांभाळणे

तृतीय वर्ष कला, मराठी विभाग

आपल्या भाषेत आजारांची क्रियापदे मोठी मजेशीर आहेत. ताप येतो आणि उतरतो. गोवर निघतो आणि मावळतो. हाड मोडते आणि जुळते. जखम होते आणि भरते. प्रत्येक आजाराच्या येण्याला एक क्रियापद आहे आणि जाण्याला दुसरे. जाण्याचे क्रियापद कानावर पडले की घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, शेजारीपाजारी ‘चला, सुटला एकदाचा’ म्हणून आपापल्या कामाला लागतात आणि ते प्रकरण मिटते.

पण रक्तदाबाचे क्रियापद कोणते? ‘मला बीपी आहे’, असे माणसे सांगतात. वास्तविक ब्लडप्रेशर कोणाला नसते? ज्याला ते नाही त्याला चार खांदेकरी शोधावे लागतात! ‘त्यांना शुगर आहे’ हेही तसेच. या आजारांना आपण ‘आहे’ एवढेच क्रियापद दिले. ते येताना दिसत नाहीत आणि जात तर नाहीतच. घरातल्या जुन्या कपाटासारखे ते नुसते असतात. आणि जे नुसते असते त्याच्याकडे रोज लक्ष द्यावे, हा माणसाचा स्वभाव नाही.

मी मराठीची विद्यार्थिनी आहे. तरी या ‘आहे’चा अर्थ मला व्याकरणाच्या तासाला कळला नाही. तो कळला आमच्या अण्णांच्या हृदयामुळे. म्हणून हा लेख.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात आमचे किराणा मालाचे दुकान आहे. आजोबांनी सुरू केले, अण्णांनी वाढवले. सकाळी सातला दुकान उघडायचे आणि रात्री नऊला बंद करायचे. मधल्या चौदा तासांत अण्णांची बैठक गल्ल्यावर आणि हिंडणेफिरणे म्हणाल तर गल्ल्यापासून गोण्यांपर्यंत. चहा दिवसातून आठ वेळा. गल्ल्याशेजारीच फरसाणाची बरणी. चहाबरोबर त्यातली चिमूट तोंडात जायचीच. दुपारचे जेवण गिऱ्हाईक ओसरले की, म्हणजे कधी दोनला, कधी चारला. जेवणात आईच्या हातचा उडदाचा पापड आणि कैरीचे लोणचे हवेच. हे पापड-लोणचे आमच्या दुकानातही विकायला असते आणि पंचक्रोशीत त्याला मागणी आहे. माझी आणि धाकट्या भावाची फी त्याच पैशांतून भरली जाते.

अण्णा लठ्ठ नाहीत. हातपाय बारीक, चेहरा निमुळता. फक्त पोट तेवढे पुढे आलेले. आमच्याकडे असल्या पोटाला कोणी आजार म्हणत नाही. बरे चालले आहे याची ती खूण समजतात. लग्नाच्या वेळी सडपातळ असलेल्या माणसाचे पोट दहा वर्षांनी सुटले नाही, तर लोक त्याच्या बायकोच्या स्वयंपाकावर शंका घेतात!

२०१९ च्या जुलै महिन्यात, मी नववीत असताना, साखरेचे पोते सरकवता सरकवता अण्णा मटकन खाली बसले. छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे वाटले म्हणाले. अंग घामाने डबडबले. आजी म्हणाली, पित्त झाले असेल. पण समोरच्या औषधाच्या दुकानदाराने वेळ न घालवता त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. ईसीजी काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असल्याचे सांगितले. तासाभरात १०८ ची रुग्णवाहिका शहराकडे निघाली आणि दिवेलागणीच्या सुमारास एका खाजगी रुग्णालयात त्यांची ॲन्जिओप्लास्टी झाली. चौथ्या दिवशी अण्णा घरी. छातीवर टाका नाही, पोटावर व्रण नाही. मनगटावर सुई टोचल्याची एक खूण तेवढी. भेटायला आलेल्या मंडळींनी एकमुखाने निकाल दिला, “नळी साफ केली. आता काही चिंता नाही.” अण्णांनाही ते पटले. नळी तुंबली होती, प्लंबर आला, मोकळी करून गेला!

ही विद्या कोणी काढली, याची हकीकत मी पुढे वाचली तेव्हा थक्क झाले. आंद्रेआस ग्रुन्टसिग नावाचे एक जर्मन डॉक्टर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे काम करीत होते. बारीक नळीच्या टोकाला फुगा बसवायचा, तो रक्तवाहिनीतून अरुंद जागी न्यायचा आणि तिथे फुगवून वाट मोकळी करायची, ही त्यांची कल्पना. सुरुवातीचे फुगे त्यांनी आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाची हृदयरोहिणी अशा फुग्याने उघडली. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही ती जागा उघडीच होती. ते पाहायला ग्रुन्टसिग मात्र उरले नव्हते. १९८५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, विमान अपघातात ते गेले होते.

प्रत्येकाचे नशीब त्या पहिल्या रुग्णासारखे नव्हते. नुसत्या फुग्याने उघडलेली वाट कित्येकांत काही महिन्यांतच पुन्हा आवळू लागे. म्हणून तिथे आधाराला धातूच्या जाळीची बारीक नळी, म्हणजेच स्टेंट, बसवण्याची युक्ती निघाली. पहिला स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ शहरी झाक प्युएल यांनी बसवला. पुढे त्या जाळीवर औषधाचा लेप आला आणि वाट पुन्हा आवळण्याचे प्रमाण आणखी घटले. आपल्याकडे हा स्टेंट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे माझ्या छातीत साताठ क्विंटल साखर आहे म्हण की!” दुकानदाराचा हिशेब तो.

पण गंमत अशी की हृदयाची रोहिणी ही काही घराच्या नळासारखी नळी नव्हे. नळात गंज आतून साचतो. रोहिणीतली चरबी तिच्या भिंतीच्या आत, अस्तराखाली मुरलेली असते. आणि ती एकाच जागी नसते. स्टेंट असतो साधारण दोन-तीन सेंटिमीटरांचा. तेवढ्या जागेचा प्रश्न तो सोडवतो. उरलेल्या रोहिण्या, मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या, मूत्रपिंडातल्या केसांएवढ्या वाहिन्या, यांचे काय? त्यांना त्या दिवशी कोणी हात लावलेला नसतो. ज्या कारणांनी एक जागा बिघडली ती कारणे माणसाबरोबर रिक्षात बसून घरी येतात.

ती कारणे आमच्याही घरी आली होती, आणि तीही कागदावर छापून. घरात इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून डिस्चार्ज कार्ड माझ्या हाती आले. त्यावर पाच आकडे होते. कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. रक्तदाब १६०/१००. रक्तातले ट्रायग्लिसराइड २३८. चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ३३. उपाशीपोटी साखर ११८. आणि खाली लिहिले होते, मेटॅबॉलिक सिंड्रोम. मराठीत चयापचयाचा लक्षणसमूह म्हणता येईल. पण आपण ‘पाच आकड्यांचा आजार’ म्हणू.

यातला कोणताही एक आकडा पाहून माणूस घाबरत नाही. साखर ११८ म्हणजे अजून मधुमेह नाही. पोट काय, सगळ्यांचेच सुटते. पण हे आकडे सुटे नसतात, मेळ्याने हिंडतात. १९८८ साली अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात या मेळ्याकडे लक्ष वेधले आणि त्याला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. पुढे त्याची मोजपट्टी ठरली. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० किंवा त्याहून जास्त. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. एचडीएल पुरुषात ४० च्या व स्त्रीत ५० च्या खाली. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. पाचांपैकी तीन जुळले की हा लक्षणसमूह आहे असे समजायचे. अण्णांचे पाचही जुळले होते!

मेळ्याचा म्होरक्या बहुधा पोट. पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठू लागली की शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखे जुमानत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतते. यकृत रक्तात जास्त चरबी सोडते. मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. वाढलेल्या दाबाने रोहिणीचे अस्तर दुखावते आणि दुखावलेल्या अस्तराखाली चरबी मुरते.

इथे एक प्रश्न मला पडला होता. अण्णांसारख्या बारीक हातापायांच्या माणसाला हे का व्हावे? त्याचे उत्तर आपल्या पुण्यातच सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी ही आपली जात. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचा अभ्यास झाला तेव्हाही हेच दिसले. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाला बरीच हलकी. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून आपण हे भांडवल घेऊन येतो. अण्णांचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. आजी सांगते, “खडी फोडायला जात होते गं, हा पोटात होता तेव्हा.” आजीच्या त्या वाक्याकडे मी पूर्वी गोष्ट म्हणून पाहत असे.

आता रक्तदाबाविषयी. या पाचांतला हा सर्वांत मुकाट. पोट निदान आरशात दिसते. दाब तर दिसतही नाही आणि दुखतही नाही. एका काळी डॉक्टरांनाही त्याची भीती वाटत नसे. वाहिन्या अरुंद झाल्यावर रक्त पुढे ढकलायला दाब वाढणारच, तो गरजेचाच आहे, असे अनेकांचे मत होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ साली १६२/९८ होता, १९४१ साली १८८/१०५. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचे आकडे असे चढत होते आणि ते उतरवण्याचे चांगले औषध कोणाकडे नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी आकडा होता ३००/१९०. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि सिगारेट या गोष्टी हृदयविकाराकडे नेतात, हे आज आपण सहज बोलतो. ते त्या गावकऱ्यांनी दर दोन वर्षांनी दंड पुढे केला म्हणून. जे औषध रूझवेल्टना मिळाले नाही ते आज आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळते.

मिळते, पण घेतले जाते का? अण्णांनी दोन वर्षे गोळ्या अगदी नेमाने घेतल्या. मग एक दिवस गावच्या दवाखान्यात रक्तदाब मोजला तो निघाला १२४/८०. अण्णा खूष. “बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?” त्यात दुकानावर सल्लागारांना काय तोटा! एक म्हणाला, बीपीच्या गोळीची सवय लागते. दुसऱ्याने अर्जुनाची साल सुचवली. तिसरा दुधी भोपळ्याचा रस घेऊन आला. तो कडू निघाला म्हणून आजीने मोरीत ओतला, आणि ते बरेच झाले, कारण कडू दुधीचा रस विषारी असतो. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी अण्णांनी चालू ठेवली. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची तेवढी बंद केली. दुकानात उंदीर दिसत नाहीत म्हणून मांजर हाकलून द्यावे, तशातली ही गत! कोणाला काही जाणवले नाही. अण्णांना काही दुखतच नव्हते.

२०२२ ची दिवाळी. रवा, मैदा, साखर, खोबरे यांनी दुकान भरलेले आणि दारात रांग. वसुबारसेच्या रात्री अण्णा आडवे झाले आणि श्वास पुरेना म्हणून उठून बसले. पुन्हा आडवे, पुन्हा उठून बसले. पहाटे आम्ही त्यांना घेऊन तेच शहर गाठले. रक्तदाब १९६/११२. दुसरी ॲन्जिओग्राफी झाली. संध्याकाळी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हांला पडद्यावर चित्र दाखवले आणि खाटेवरच्या अण्णांना म्हणाल्या, “काका, जुना स्टेंट अगदी छान आहे. जिथं बसवला तिथं काही झालेलं नाही. जिथं बसवला नव्हता तिथं झालंय.”

हे वाक्य मी विसरणार नाही. तीन वर्षांत एक दुसरीच रोहिणी अरुंद झाली होती. तिथे दुसरा स्टेंट बसला. पण त्याहून वाईट बातमी पुढे होती. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती. हृदयाचे पंपिंग, जे पहिल्या वेळी ५५ टक्के होते, ते ४५ वर आले होते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिॲटिनीन १.६ झाले होते. यातल्या कशालाही स्टेंट लागत नाही. अण्णांनी विचारले, “मग पहिल्या वेळी केलंत ते काय होतं?” बाई शांतपणे म्हणाल्या, “त्या दिवशी तुमचा जीव वाचवला, काका. पुढची वर्षं गोळ्यांनी आणि पथ्यानं वाचवायची असतात.”

बाई खरेच बोलत होत्या. झटका चालू असताना बंद रोहिणी लवकरात लवकर उघडणे यासारखा उपाय नाही. तिथे मिनिटामिनिटाला हृदयाचे स्नायू वाचतात. पण झटका नसताना, दुखणे स्थिर असताना काय? २००७ साली २,२८७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना उत्तम औषधे दिली, अर्ध्यांना तीच औषधे आणि शिवाय ॲन्जिओप्लास्टी. पुढील काही वर्षांत मृत्यू आणि झटके दोन्हीकडे जवळपास सारखेच. २०२० मध्ये ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासातूनही साधारण तोच निष्कर्ष निघाला. छातीतले दुखणे कमी करायला फुगा आणि जाळी उपयोगी पडतात. पण आयुष्याची दोरी मुख्यतः रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू आणि चालणे यांच्या हाती असते.

बायपासचेही तसेच. १९६७ साली रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने अमेरिकेत क्लीव्हलँड येथे पायाची शीर काढून हृदयाला नवी वाट करून दिली. तत्पूर्वी अनेक वर्षे ते आपल्या देशातल्या एका आडगावी साधे डॉक्टर होते. ही नवी वाटही कायमची नसते. पायाच्या शिरेच्या वाटांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात. छातीच्या आतली रोहिणी वापरली तर ती फार चांगली टिकते. मधुमेह असून अनेक रोहिण्या अरुंद झालेल्यांना स्टेंटपेक्षा बायपास अधिक हिताची, असे २०१२ साली १,९०० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. माझ्या मामांची बायपास २००९ मध्ये झाली. मधुमेह त्याहून जुना. ते आजही रोज एस.टी. स्टँडपर्यंत चालत जाऊन वर्तमानपत्र आणतात. गोळ्यांची डबी खिशात, तंबाखू त्या दिवसापासून बंद. मामांना काही वेगळी नळी बसवलेली नाही.

दवाखान्यातून परतलो त्या रात्री आजीने मला विचारले, “म्हणजे माझा लेक बरा होणार न्हाई का?” मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने ती आपणच म्हणाली, “मग सांभाळायचं म्हण की. म्हातारं माणूस सांभाळतो, गाभण म्हस सांभाळतो, तसं सांभाळायचं.” मी चमकले. आमच्या घरातल्या न शिकलेल्या म्हातारीने ते हवे असलेले क्रियापद काढून दिले होते. सांभाळणे! त्याला शेवट नाही, पण त्यात रोजचे काम आहे.

आणि काम सोपे नव्हते. पहिली अडचण मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ पुरे. अण्णांनी दुकानाच्या वहीवर हिशेब मांडला. आम्ही घरात पाच माणसे. महिन्याला दीड किलो मीठ. म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम, आणि पापड, लोणचे, फरसाण यांतले वेगळे! हिशेब पाहून आई गप्प झाली. मग भांडी घासता घासता एकदम म्हणाली, “माझ्या हातची चव विकून पोरं शिकली, आणि तीच चव ह्यांच्या छातीवर बसली होय?”

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? पापडात मीठ आणि पापडखार लागतोच. कमी घातला तर पापड जमत नाही आणि टिकतही नाही. पापड बंद करायचे तर भावाची फी? आईने स्वतःच मार्ग काढला. दुकानाचे पापड पूर्वीसारखेच होतात. घरात मात्र पापड रविवारी, तोही एक आणि भाजलेला. लोणच्याची बरणी ताटाशेजारून उठून फडताळात गेली. आमटीत मीठ कमी आणि चिंच, लसूण, कोथिंबीर जास्त. पहिले पंधरा दिवस जेवण घशाखाली उतरत नव्हते; महिन्याभरात जीभ रुळली. आता लग्नाच्या पंगतीतली भाजी सगळ्यांनाच खारट लागते. कमी सोडियमचे मीठ म्हणून वेगळे पाकीट मिळते, ते अण्णांनी दुकानातून घरी आणले होते. डॉक्टरीणबाईंनी नको सांगितले. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे अधू असली आणि रक्तदाबाची काही ठरावीक औषधे चालू असली, तर ते रक्तात धोकादायक रीतीने वाढू शकते. आता आमच्या घरात महिन्याला मिठाचे एक पाकीट पुरते आणि त्यातले थोडे उरते.

दुसरी अडचण गोळ्यांची. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या आजीने जपाच्या माळेशेजारी ठेवल्या. तिची माळ चुकत नाही, म्हणून गोळीही चुकत नाही. तिसरी अडचण मोजण्याची. दंडाला पट्टा बांधायचे एक यंत्र घेतले. पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, तोंडाने बोलायचे नाही. अण्णांना हे शेवटचे फार जड गेले! आकडा उधारीच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहिला जातो. ज्या माणसाने गिऱ्हाइकाची आठ आण्यांची बाकी कधी विसरली नाही, त्याने स्वतःच्या शरीराची बाकी तीन वर्षे पाहिलीच नव्हती. आता दर बुधवारी आणि रविवारी पाहतो. गेल्या महिन्यात बहुतेक आकडे १३० च्या आतबाहेर होते. कंबर ९२ वर आली आहे. पंपिंग मात्र ४५ चे ४८ झाले, ५५ झाले नाही. होईल असे कोणी सांगितलेलेही नाही.

फरसाणाची बरणी मागच्या फळीवर गेली आणि गल्ल्याशेजारी ते यंत्र आले. गिऱ्हाइके कुतूहलाने हात पुढे करतात. आमच्या भुसार व्यापाऱ्यांचा आकडा १७४ निघाला, तेव्हा ते हसून म्हणाले, “मला तर काहीच होत नाही.” अण्णा हसले नाहीत. त्यांनी सामान बांधणे थांबवले आणि त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवले.

मित्रमैत्रिणींनो, आपण विशीतली मंडळी. स्नेहसंमेलनाच्या धावपळीत वडापाव आणि चहावर दिवस काढणारी. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आहेत, आणि पुष्कळांचे बाबा बारीक हातांचे आणि पुढे आलेल्या पोटाचे आहेत. घरात शिवणाची टेप असते. ती एकदा बाबांच्या, आईच्या आणि आपल्याही कमरेभोवती धरून पाहायला काहीच पैसे पडत नाहीत. आणि घरात कोणाचा स्टेंट वा बायपास झाली असेल, तर ‘आता चिंता नाही’ म्हणणाऱ्यांना चहा पाजून प्रेमाने वाटेला लावावे आणि गोळ्यांची डबी उघडून पाहावी.

अण्णा आता रोज पहाटे नदीच्या पुलापर्यंत चालत जातात आणि परत येतात. पाऊण तास लागतो. त्यामुळे सातला उघडणारे दुकान पावणेआठला उघडते. सकाळच्या दुधा-पावाची काही गिऱ्हाइके समोरच्या नव्या दुकानात जाऊ लागली आहेत. आईने परवा तसे बोलूनही दाखवले. अण्णा बूट काढता काढता म्हणाले, “जाऊ देत.”